प्रोफे आर्नुल्फोंचा अंगठा

"प्रोफे, तुमचा अंगठा आता म्हातारा झालाय का हो?"

अख्खा वर्ग वहीतून मान वर काढून बघायला लागला. प्रश्न येरुतीने विचारला होता, पण तो तिच्या तोंडात घातला होता निमिया आणि एदेलिरा या तिच्या जिवलग मैत्रिणींनी. "विचारून दाखव, नाहीतर तू भागूबाई!" गेल्या वर्षीची येरुती हजेरीलासुद्धा पुटपुटायची. यंदा तिला अचानक कंठ फुटला होता, आणि नवीन बूट घेतल्यावर माणूस जसा उगाच चालत सुटतो, तशी ती उगाच बोलत सुटली होती.

प्रोफे आर्नुल्फो शिकवायचे गणित, पण विल्यारिका गावात त्यांची खरी ख्याती होती ती 'खडे' या खेळात. खेळ फोनवरचा, समोरासमोर बसून खेळायचा. शेजारचे दोन खडे सरकवून एका रंगाचे तीन जुळवले की ते फुटतात, आणि तुमचे फुटले की समोरच्याच्या पटावर करडे दगड कोसळतात. पट गच्च भरला की खेळाडू मेला. राजधानीत, असुन्सियोनला होणाऱ्या आंतरशालेय स्पर्धेत शाळेला एकच जागा मिळाली होती आणि ती कुणाला द्यायची हे प्रोफेंच्या हातात होतं. म्हणजे अंगठ्यातच म्हणा.

प्रोफेंनी आपला अंगठा उलटसुलट करून पाहिला. "म्हातारा? उद्या मधल्या सुट्टीत ये, पोरी. मला हरवलंस तर असुन्सियोनला तू. नाहीतर निमिया."

निमिया एकाएकी छत न्याहाळायला लागली. जिवलग मैत्रीण एवढी का मागे लागली होती, ते येरुतीला तेव्हा कळलं: प्रोफे येरुतीवर चिडले की जागा निमियाचीच.

"मी जिंकणारच आहे," घरी जाताना ती एदेलिराला म्हणाली. "नेहमी तळातले खडे फोडायचे. वरचे आपोआप घसरतात आणि घसरताना आणखी फुटतात. ते फुटताना बघत बसायचं नाही, तोवर दुसऱ्या कोपऱ्यात हात मारायचा. आणि रंगाचं नाव मनातसुद्धा घ्यायचं नाही. 'हिरवा' म्हणेपर्यंत हिरवा गेलेला असतो."

"हे तर सगळ्यांना माहितेय."

"मग खरी गोम ऐक. गार अंगठा! घामट अंगठा काचेवर चिकटतो. म्हणून बर्फगार तेरेरेचा पेला हातात आला की आधी अंगठा टेकवायचा, मग प्यायचं."

दुसऱ्या दिवशी आंब्याखाली निम्मी शाळा जमली. ऊन असं की कुत्रीसुद्धा भुंकायचं मनावर घेत नव्हती. कॅन्टीनच्या दोन्या ओब्दुलिया, म्हणजे ओब्दुलियाबाई, बर्फाच्या पाण्याचा थर्मास घेऊन मधोमध बसल्या होत्या. शिंगाच्या पेल्यात पाला, पाल्यावर गार पाणी, नळीने प्यायचं, पेला परत, पुढच्याला. तेरेरेची फेरी अखंड चालू.

तीन डाव ठरले. पहिल्यात येरुतीने तळ असा पोखरला की प्रोफेंच्या पटावर दगडांचा सडा पडला. पोरं ओरडली. प्रोफे मोकळ्या मनाने म्हणाले, "वा! काय सुंदर खेळतेस गं!"

आणि दोन्या ओब्दुलियांच्या हातात पेला परत देता देता येरुती लाजून म्हणाली, "ग्रासियास."

आंब्याखालच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"अगं बाई," एदेलिराने कपाळावर हात मारला. आभार मानणं वाईट नव्हे. पण पेला परत देताना 'ग्रासियास' म्हटलं की त्याचा अर्थ एकच: माझं पोट भरलं, आता मला फेरीत धरू नका. हे दुधपित्या पोरालाही ठाऊक असतं.

"दोन्या, मी ते खेळाबद्दल म्हणाले हो!"

"म्हणालीस ना? संपलं," दोन्या ओब्दुलिया म्हणाल्या आणि पेला तिच्या नाकासमोरून पुढे गेला. त्यांनी एकदा प्रत्यक्ष पाद्रीबाबांना असं फेरीबाहेर काढलं होतं. येरुती कोण लागून गेली?

दुसऱ्या डावात घामट अंगठ्याने दगा दिला. निळा सरकवावा तर पिवळा यायचा, पिवळ्याला धरावं तर काहीच हलायचं नाही. डाव प्रोफेंनी घेतला, वर मुद्दाम सुर्र आवाज करत पेला संपवला.

आता एकच उपाय. प्रोफेंनाही फेरीबाहेर काढायचं.

तिसरा डाव सुरू झाला. प्रोफे पेला परत द्यायला लागले, तशी येरुती गोड आवाजात म्हणाली, "प्रोफे, शर्ट काय झकास आहे तुमचा!"

"बायकोने आणलाय," प्रोफे म्हणाले. एका हाताने त्यांनी लाल खडे फोडले.

पुढच्या फेरीला ती म्हणाली, "तुमच्यामुळे मला अपूर्णांक कळले, प्रोफे."

"परीक्षेत दिसलं नाही ते."

आता सगळा घोळका कामाला लागला. "प्रोफे, तुम्ही बारीक झालात!" "पट्टा सैल आहे नुसता." "प्रोफे, तुमच्या आईच्या हातची सोपा, मक्याची ती वडी, म्हणजे अमृत!" "तिला सांगतो." मनुष्य निसरडा होता! आभाराचा शब्द सोडून त्याच्याकडे सगळे शब्द होते.

इतक्यात वरून आंब्याचा मोहर झडला आणि थेट प्रोफेंच्या नाकात गेला. हातात रिकामा पेला, तो दोन्यांकडे पुढे केलेला, आणि...

"आऽऽक्छी!"

"सालुद!" येरुती विजेसारखी ओरडली. शिंकणाऱ्याला असं आरोग्य चिंतलं की त्याचं उत्तर ठरलेलं.

"ग्रासियास," प्रोफे म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला.

"संपलं," दोन्या ओब्दुलिया म्हणाल्या.

पोरं नाचायला लागली. आता दोघांचेही घसे कोरडे आणि दोघांचेही अंगठे घामट. येरुतीचा पट मात्र सरस होता. तळात फक्त एक हिरवा सरकवायचा, की सबंध डोंगर फुटून प्रोफे गाडले जाणार. तिने अंगठा टेकवला. हिरवा हलेना. तिने अंगठा स्कर्टला पुसला, फुंकला, पुन्हा टेकवला. हिरवा ढिम्म.

समोर प्रोफेंनी शांतपणे खिशात हात घातला. बाहेर काढला तेव्हा अंगठा पांढराफटक होता. खिशात खडू होता! भुकटी लावलेला अंगठा काचेवर असा सुळसुळला, जशी म्हैस चिखलात. येरुतीच्या पटावर दगड पडत गेले, पडत गेले, आणि हिरव्यासकट ती मेली.

"अंगठा म्हातारा आहे," प्रोफे म्हणाले, "पण शिक्षकाचा आहे."

निमियाने येरुतीला कडकडून मिठी मारली आणि त्या मिठीत थोडी उडीही मारली.

येरुती पायरीवर बसून राहिली. डोळे भरून आले होते. घोळका पांगला, दोन्या ओब्दुलिया थर्मास धुवायला लागल्या. येरुती त्यांच्याकडे बघत राहिली. बघता बघता तिचं रडू थांबलं. मग ती उठली आणि धावत प्रोफेंच्या मागे गेली.

घरी आई मांदिओकाच्या कंदांची सालं काढत होती. बाबा बिघडलेला पंखा मांडीवर घेऊन बसले होते.

"हरलीस म्हणे," आई म्हणाली.

"हरले. पण आई, बाबा, मी ठरवलंय. मी असुन्सियोनला जाणार."

"कशी? जागा तर निमियाची ना?"

"खेळायची जागा निमियाची. तेरेरे वाढायला कुणी तरी लागतंच की. रीतीने वाढायचं सगळ्यांत लहानाने, आणि जाणाऱ्यांत लहान मी. प्रोफे हो म्हणालेत."

बाबांनी पंखा खाली ठेवला. "एवढ्या लांब जाऊन आपल्या चार माणसांना पाणी वाढणार?"

"आपल्याच का? पाहुणचार म्हणून समोरच्या शाळांनापण वाढणार," येरुती म्हणाली. "आणि प्रत्येकाकडून पेला परत घेताना अगदी मनापासून म्हणणार, 'काय सुंदर खेळतोस रे तू!'"