अडीच तासांचा झेंडा

"धर रे चावी, दोन मिनिटं! आलोच!" असं ओरडून दातांच्या डॉक्टरनं हातातला झेंडा शेजारच्या कुलूपवाल्याकडे जवळजवळ फेकला आणि पोट आवळत रस्त्याकडेच्या प्लॅस्टिकच्या संडासात घुसला.

शर्यत नुकतीच कुठे रंगात आली होती. दोष डॉक्टरच्या पोटाचा नव्हता, आदल्या संध्याकाळचा होता. छातीवर लावायचे नंबर ब्रुअरीत वाटले होते आणि ब्रुअरीवाल्यानं शर्यतीसाठी खास बनवलेली आंबट बिअर सगळ्यांना चाखायला दिली होती. चाखायला म्हणजे घोटभर. डॉक्टरनं घोटभर घोटभर करत अर्धं पिंप चाखलं. "शेवटी जिभेवर ओल्या लाकडाचा वास येतो बघ," असं तो भेटेल त्याला सांगत होता. ती लाकडं आज पोटात पेटली होती.

घाईत डॉक्टरनं दार ओढलं, पण ते पुरतं लागलं नाही, बोटभर फट राहिली. ज्या माणसानं उभा जन्म कुलपं बसवण्यात घालवला त्याला अर्धवट लागलेलं दार बघवत नाही. चावीनं सवयीनं खांदा लावून एक ढुशी दिली. दार खट्‌कन चौकटीत बसलं. इतकं घट्ट बसलं की वाराही आत जाईना. पुढची सगळी भानगड या एका खांद्यानं केली.

झेंड्यावर लिहिलं होतं, 'अडीच तास'. लांबच्या शर्यतीत असे झेंडेवाले असतात. ज्याला अडीच तासांत पोचायचंय त्यानं या झेंड्यामागे धावायचं. घड्याळ बघायचं नाही, रस्ता बघायचा नाही, डोकं चालवायचं नाही. माणसाला आयुष्यात एवढंच हवं असतं, म्हणून झेंड्यामागे कायम गर्दी असते. शर्यत संपली की हेच झेंडे ब्रुअरीतल्या टेबलांवर रोवायचे आणि जो ज्या झेंड्यामागे धावला त्यानं त्या टेबलावर बसायचं, असा या मंडळींचा दंडक होता.

चावीची गोची इथेच होती. सव्वादोनच्या झेंड्यामागे धावला तर त्याच्या तोंडाला फेस यायचा. अडीचच्या मागे धावला तर पाय एकमेकांत अडकायचे. तो दोन झेंड्यांच्या मधला माणूस. त्यामुळे धावायचाही एकटा आणि प्यायचाही एकटा, काउंटरच्या टोकाला, स्टीलच्या टाक्यांजवळ. ब्रुअरीवाला त्याच्याशी बोलायचा, नाही असं नाही. पण फक्त यीस्टविषयी.

दोन वर्षं तो धावणाऱ्यांच्या या गटात होता. पहिल्याच दिवशी, कुलपांचं काम करतो हे ऐकून कुणीतरी त्याला चावी म्हणालं, आणि खरं नाव विचारायचं सगळ्यांचं राहून गेलं. सभ्य लोकांचं हे असं असतं. कुणाच्या बुटाचा तळ किती जाड आहे हे त्यांना तोंडपाठ असतं, पण बुटात उभा असलेला माणूस कोण याची चौकशी करायला त्यांना सवड नसते. घरी तरी कोण होतं विचारायला? बायको चार वर्षांपूर्वी भावाकडे पाहुणी म्हणून गेली. परत येण्यासाठी तिनं कारण शोधून पाहिलं असेल. तिला ते सापडलं नाही.

"चावीकाका, निघायचं ना?" मागून एक सून म्हणाली.

ही सून आणि तिची सासू गटात प्रसिद्ध होत्या. घरात दोघी एकमेकींशी बोलत नसत. बोलणं साठवून ठेवत आणि धावताना काढत.

"डॉक्टर येतोय ना," चावी म्हणाला.

"डॉक्टर गाठेल आपल्याला," कर सल्लागार धापा टाकत म्हणाला. जागच्या जागी उभं राहूनही तो धापा टाकायचा. "झेंडा थांबला तर अडीच तासांत पोचणार कसं, शेठ?"

चावीनं झेंडा त्याच्याकडे द्यायला हवा होता. त्यासाठी वळताना त्याचं एक पाऊल पुढे पडलं, तर मागची वीस-पंचवीस माणसं एक पाऊल पुढे आली. तो थबकला, ती थबकली. त्यानं आणखी दोन पावलं टाकली. सगळी आली. उभ्या आयुष्यात त्याच्यामागे कुत्र्यांशिवाय कुणी आलं नव्हतं. तो धावत सुटला.

"अरे चावी, दमानं घे की!" सासूबाई ओरडल्या. "डॉक्टर एवढं पळवत नाही!"

चावीनं वेग कमी केला. पाय एकमेकांत अडकायला लागले, पण आज त्याला त्याचं काही वाटलं नाही.

"तुम्ही याआधी कधी आमच्यात कसे आला नाहीत?" सुनेनं विचारलं.

"जमलं नाही."

"मग आज आमच्याच टेबलावर बसायचं हं, शेठ," सल्लागार म्हणाला. "नियमच आहे तसा. डॉक्टरच्या शेजारची खुर्ची तुमची!"

चावी ठेचकाळता ठेचकाळता वाचला. दोन वर्षं ज्या खुर्चीकडे तो टाक्यांआडून बघत होता, ती आता त्याची होती. फक्त हा झेंडा शेवटपर्यंत न्यायचा होता. डॉक्टर अजून कसा आला नाही, हे एकदा त्याच्या मनात आलं. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. खरं सांगायचं तर त्याला डॉक्टर यायला नकोच होता.

पुढे सासू त्याला सुनेविषयी सांगायला लागली आणि दुसऱ्या कानात सून सासूविषयी. "मी डबा भरला की ही उघडून बघते!" "मीठ विसरते म्हणून बघते!" दोघी त्याला साक्षीला धरून भांडत होत्या. आपल्याला कुणी भांडणात धरतंय याचंच त्याला अप्रूप. तो दोघींना हो हो म्हणत राहिला. त्या नादात एक चौक आला. तिथला बाण एका उभ्या ट्रकच्या आड गेला होता. शर्यत उजवीकडे वळत होती. चावीचे पाय, रोज सकाळी धावून झाल्यावर वळतात तसे, डावीकडे वळले.

मागची वीस-पंचवीस शिकलेली माणसंही वळली. एकानंही विचारलं नाही. झेंडा वळला, विषय संपला.

लोखंडी फाटकासमोर पाय आपोआप थांबले, तेव्हा चावीनं मान वर केली. समोर त्याचं स्वतःचं घर होतं.

"इथे पाणी ठेवलंय का?" सल्लागारानं विचारलं.

आता काय सांगायचं? चुकलो म्हणावं, तर खुर्ची गेली.

"हो," चावी म्हणाला. "या ना. आत या."

तळमजल्यावरच्या दोन खोल्या. खिडक्यांना जाड गज. टेबलावर कुलपांचा ढीग, भिंतीवर जुना फोन, एक खुर्ची, एक ताट. दाराला बेल होती, पण बसवल्या दिवसानंतर तिचा आवाज त्यानं ऐकला नव्हता.

"काका, ग्लास एकच आहे?" सून स्वयंपाकघरातून म्हणाली.

"पुरतो," चावी म्हणाला.

 ती तो एकच ग्लास विसळून भरत, बाहेर देत राहिली. बाकीचे अंगणातल्या नळाला ओंजळी लावून प्याले. सासूबाईंनी बाथरूम गाठलं. घरभर घामाचा वास, बुटांचे ठसे, माणसांचा कालवा. चावी झेंडा घेऊन अंगणात उभा होता आणि बावळटासारखा हसत होता.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बाकीच्यांचे फोन सामानाबरोबर जमा होते, पेशंटसाठी डॉक्टरचा आणि याचा मात्र कायम खिशात. धंद्याचा फोन होता तो. काम करताना हात मोकळे नसतात, म्हणून त्याला फोन स्पीकरवर घ्यायची सवय. तसाच घेतला.

"हॅलो, कुलूपवाला ना? लवकर या हो!" फोनमधून आवाज घुमला. "दार अडकलंय! मी संडासात आहे!"

"नंबर कुठून मिळाला?" चावीच्या तोंडून गेलं.

"इथे आत चिकटवलाय तुमचा कागद! 'कुलूप उघडून मिळेल'!"

चावी गावभर दिसेल त्या दारावर आपली चिकटपट्टी लावत हिंडायचा. प्लॅस्टिकचं दारसुद्धा सोडलं नव्हतं. अंगणातल्या माना वळल्या. तो आवाज सगळ्यांनी ओळखला होता.

"माझी माणसं पुढे गेली," डॉक्टर किंचाळत होता. "एका गाढवानं माझा झेंडा पळवला!"

"कोणी?" चावीनं विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"आहे एक आमच्यात. नाव... नाव काय बुवा त्याचं... चावी चावी म्हणतात. येतो आणि कोपऱ्यात बसतो. तुम्ही येताय ना?"

"येतो," चावी म्हणाला.

वीस-पंचवीस माणसं आधी त्याच्याकडे बघत होती, मग घराकडे, मग फाटकावरच्या 'कुलूप उघडून मिळेल' या पाटीकडे. हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला.

"म्हणजे हे पाण्याचं ठिकाण नाही?" सल्लागार म्हणाला. "आम्हाला तुझ्या घरी आणलंस तू?"

शेठ गेला आणि तू आला. एवढ्यावरून चावीला कळायचं ते कळलं. त्यानं झेंडा सल्लागाराच्या हातात दिला, चौकातून उजवीकडे जायला सांगितलं, पान्हा आणि पेचकस घेतला, दार ओढलं, सवयीनं खांदा लावून ढुशी दिली आणि पळत सुटला.

या वेळी त्याच्यामागे कुणी नव्हतं. त्यामुळे तो आपल्या वेगानं धावला.

पेचकस घालून दार उचकटलं, तेव्हा आतून लालबुंद डॉक्टर बाहेर पडला. "तू? झेंडा कुठाय?"

"पुढे गेला."

"तुझ्या बापाचा होता का रे झेंडा?" मग डॉक्टरची नजर पेचकसावर गेली, तिथून दारावरच्या चिकटपट्टीवर. "तो नंबर तुझाय?"

"हो."

"दोन वर्षांत बोलला नाहीस ते!" डॉक्टरनं फोन काढला. "थांब, घालून ठेवतो. कामाला येईल. नाव काय टाकू?"

चावीनं तोंड उघडलं. तोवर डॉक्टरचं लिहून झालं होतं. 'कुलूपवाला, संडास'.

दोघं पोचले तेव्हा शेवटच्या रेषेवरची कमान उतरवत होते. ब्रुअरीत मात्र दंगा चालला होता. अडीचच्या टेबलावर झेंडा रोवलेला होता आणि डॉक्टर दिसताच टाळ्यांचा कडकडाट झाला. "काय मग डॉक्टर, मोकळे झालात?" सगळे खदखदले. डॉक्टर त्याच्या जागेवर बसला आणि संडासाची कथा रंगवून सांगायला लागला. त्या कथेत एक गाढव होतं. ते गाढव टेबलाशेजारी उभं होतं.

दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. चावीनं एकीच्या पाठीवर हात ठेवला.

"नको, नको," सल्लागार म्हणाला. "सासूबाई आणि सूनबाईंच्या आहेत त्या. मागून येतायत दोघी."

"कुठून मागून?"

"असतील कुठेतरी. झेंड्यामागे होत्या." पोचेपर्यंत त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. पुढाऱ्यांना ती सवय नसते.

चावी काउंटरच्या टोकाला गेला. ब्रुअरीवाल्यानं आंबट बिअरचा ग्लास पुढे सरकवला. "आज यीस्ट जरा रुसलंय," तो म्हणाला. चावीनं घोट घेतला. शेवटी जिभेवर ओल्या लाकडाचा वास आला. डॉक्टर खोटं बोलत नव्हता.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. चावीनं बघितलं आणि बघतच राहिला. फोनवर नाव आलं होतं, 'घर'.

बायको गेल्यापासून हे नाव फोनवर उमटलं नव्हतं. उमटणार कसं? भिंतीवरचा तो जुना फोन उचलायला घरात कुणी असायला नको? त्यानं फोन कानाला लावला. आज स्पीकरवर नाही घेतला.

"चावी? मेल्या, आम्हाला कोंडून कुठे उलथलास?" सासूबाई कडाडल्या. "बाथरूममधून बाहेर येते तो काय, ही स्वयंपाकघरात आणि बाकी सगळे गायब! दार उघडेना, खिडक्यांना हे गज! घसा बसला ओरडून! टेबलावर तुझी चिकटपट्टी सापडली म्हणून फोन तरी करता आला!"

ते कुलूप चावीनं स्वतः बनवलं होतं. आतून उघडायची सोयच ठेवली नव्हती. तो बाहेर असताना आत कोण असणार होतं?

"चुकलं," तो म्हणाला. "आलोच."

"लवकर ये! आम्ही वाट बघतोय!"

"काय म्हणालात?"

"वाट बघतोय म्हटलं! बहिरा आहेस का रे?"

चावीनं फोन ठेवला. टेबलावर गाढवाची गोष्ट दुसऱ्यांदा सुरू झाली होती. दोन खुर्च्या अजून रिकाम्याच होत्या. जाऊन सांगणं सोपं होतं. त्यानं सांगितलं नाही.

"एक मोठी बाटली भर," तो ब्रुअरीवाल्याला म्हणाला. "आणि ग्लास दे, नेऊन परत आणतो. तीन."

"तीन?" ब्रुअरीवाल्यानं विचारलं. यीस्ट सोडून त्यानं विचारलेली ही पहिलीच गोष्ट.

घर जवळ होतं. एरवी पळत गेला असता. आज चालत गेला. फाटकापाशीच आतले आवाज ऐकू आले. "ही कुलपं अशी टेबलावर कशाला? फळीवर लावू या." "दुसऱ्याच्या घरात ढवळाढवळ करू नका, आई!" "तू आधी तो ग्लास नीट घास!"  चावीच्या घरातून भांडण ऐकू येत होतं.

मग तो दारापाशी गेला. किल्ली हातात होती. ती कुलपाजवळ नेली आणि मागे घेतली. त्यानं बेल वाजवली.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

चावीनं घसा खाकरला आणि आपलं नाव सांगितलं. खरं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

"इथे त्या नावाचं कुणी राहत नाही!" सासूबाई आतून खेकसल्या. "हे चावीचं घर आहे. तो यायचाय अजून. नंतर या!"

त्यानं बाटली खाली ठेवली, दाराला पाठ टेकली आणि पुन्हा एकदा बेल वाजवली.