इन्स्पेक्टरच्या सासूचं सुतक

"वाचून दाखवायचं म्हणजे काय डोंगर फोडायचाय? तू झोप. आजच्या रविवारी तुझ्या बायकांना मी वाचून दाखवतो!" शुभंकर म्हणाला.

दीप्तीचा घसा पार बसला होता. ती उलट बोलू शकत नाही, असा दिवस शुभंकरच्या संसारात पहिल्यांदाच उगवला होता. तो असा कसा वाया घालवणार?

लांज्याजवळच्या त्यांच्या वाडीत दीप्ती दर रविवारी दुपारी शाळेच्या पडवीत बसून काजू फॅक्टरीतल्या बायकांना पुस्तक वाचून दाखवायची. हौसेने, फुकट! सुरुवातीला जाईबाई आणि सखू अशा दोघीच यायच्या, त्याही पडवीत वारा बरा लागतो म्हणून. आता बसायला जागा पुरत नव्हती. बायका जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवत ऐकायच्या. सध्या एक रहस्यकथा रंगली होती. हार चोरीला गेलेला आणि इन्स्पेक्टर चोराच्या मागावर!

"पुस्तकात... नाही..." दीप्ती घोगऱ्या आवाजात काहीतरी सांगू लागली.

"बोलू नकोस!" शुभंकरने तिच्या हातात हळदीचं दूध दिलं आणि पुस्तक काखोटीला मारून तो निघाला.

त्याने खणखणीत आवाजात दोन पानं वाचली. तशा सगळ्या सुया थांबल्या.

"आनि सासू कुटं गेली?" जाईबाईने विचारलं.

"कोणाची?"

"इन्स्पेक्टरची वो! मागल्या रविवारी नुसत्या वासावरनं वळखलान ना तिनं, चोर कुळथाची पिठी खाऊन आलाय म्हनून!"

शुभंकरने भराभरा पानं उलटली. पुस्तकातल्या इन्स्पेक्टरचं लग्नच झालेलं नव्हतं! तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. ही सासू त्याच्या बायकोने मनाने उभी केली होती, आणि अख्खी वाडी तिच्यावर जीव टाकत होती! त्याची छाती अभिमानाने फुगली. अंगाला घामही त्याच वेळी फुटला.

पण माघार घेईल तो शुभंकर कसला! "सासू चुलीपाशी बांगडे तळत होती," त्याने ठोकून दिलं.

"आज सोमवार ना गोष्टीत? तिचा सोमवार असतो!" सखू कडाडली.

"मग... भाजी चिरत होती."

"कसली?"

"वांग्याची."

"वांगं वातूळ म्हनून सोडलान तिनं!"

ही बाई काय खाते, काय सोडते, देव जाणे! शुभंकरचं डोकं सटकलं. "तेवढ्यात तिचा पाय घसरला, ती विहिरीत पडली आणि मेली!"

जाईबाईने डोळ्यांना पदर लावला. "आमची सासू मारलीन की ओ ह्यानं!" तिने सुई वाकळेत खुपसली. "चला गो बायांनो. आता सुतक. आमी काय येत नाय."

आणि सगळ्या उठून गेल्या!

घरी हे ऐकून दीप्ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, तीही आवाजाविना. मग तिने डोळे पुसले. "आता येतील का रे त्या?" तिने कसंबसं विचारलं. ते ऐकून शुभंकरने पायात चपला सरकवल्या. तिने एकेक बाई जोडून ती पडवी भरली होती, आणि त्याने ती एका दुपारीत रिकामी केली होती.

तो तडक जाईबाईच्या दारात गेला. "सासू जिवंत आहे हो! पुढच्या रविवारी याच!"

"तुजा काय भरवसा नाय. दीप्तीनं सांगितलान, तर पटंल."

पुढच्या रविवारी बायका आल्या, पण सुया बाहेर काढल्या नाहीत. दीप्तीने पुस्तक उघडलं आणि पानाकडे ढुंकूनही न बघता वाचू लागली. विहिरीला पाणी गुडघाभरच होतं! चोराने हार तिथेच दडवला होता, आणि तोच काढायला सासू मुद्दाम आत उतरली होती! जाईबाईने दोन्ही हात जोडले. सुया सटासट बाहेर आल्या. कोपऱ्यात चहा ओतणारा शुभंकर आ वासून बघत राहिला. एवढी हुशार बाई आपल्या घरात राहते?

"पण सासू मेली, अशी बोंब ठोकली कोणी?" दीप्ती पान उलटत म्हणाली. "तिच्या धाकट्या जावयाने! दोन पानं वाचून स्वतःला शहाणा समजणारा होता तो."

सगळ्या माना कोपऱ्याकडे वळल्या.

"मग... पुढे काय होतं त्या जावयाचं?" शुभंकरने हळूच विचारलं.

"गप ऱ्हा! चा दे आनि ऐक!" जाईबाई गरजली.

तो मुकाट्याने चहा ओतू लागला. पण खरं सांगायचं तर, त्या दिवसापासून त्याने एकही रविवार चुकवलेला नाही. जावयाचं पुढे काय होणार, ते त्याला पुस्तकात थोडंच सापडणार होतं!