न विझणारी समई

कुलगुरूंना समई तेलाचीच हवी होती आणि सुरक्षा अधिकाऱ्यांना सभागृहात उदबत्तीसुद्धा पेटलेली नको होती. दोघांनी प्रबुद्ध साळवेला वेगवेगळं बोलावलं, आपापलं म्हणणं ऐकवलं आणि शेवटी एकच वाक्य सांगितलं, "तेवढं तुम्ही बघून घ्या." मोठ्या माणसांचं हे फार आवडतं वाक्य. ते म्हटलं की म्हणणारा मोकळा होतो आणि ऐकणारा अडकतो.

प्रबुद्ध मुलुंडच्या डोंगराजवळच्या त्या विद्यापीठात नाट्यविभागात शिकवायचा, पण कंत्राटावर. कंत्राट दर मार्चात संपायचं आणि कुलगुरूंची सही झाली तरच पुढे चालू व्हायचं. यंदा वार्षिक जाहीर व्याख्यानाचं आयोजन त्याच्या गळ्यात पडलं होतं. गेल्या वर्षी ते ज्याच्याकडे होतं, त्याची समई जुन्या सभागृहातल्या पंख्याखाली ऐन कार्यक्रमात विझली होती. कुलगुरू डॉ. चंद्रप्रकाश नाडकर्णी खरं तर रसायनशास्त्राचे. पण विझलेल्या दिव्याची त्यांना भयंकर धास्ती. "ज्योत विझली, वर्ष वाया गेलं," एवढंच ते म्हणाले आणि एप्रिलपासून तो प्राध्यापक विद्यापीठात दिसला नाही.

त्यानंतर नवं वातानुकूलित सभागृह उभं राहिलं. उद्घाटनाच्या आरतीला कापराचा धूर वर गेला, छतातले फवारे सुटले आणि विश्वस्त हर्षदभाईंना नव्या जोधपुरी कोटासकट आंघोळ घडली. तेव्हापासून सभागृहात आगकाडीला बंदी होती. कुलगुरूंना मात्र ही बंदी समईला लागू होते हे मान्य नव्हतं.

"म्हणजे पेटवली तर फवारे आणि नाही पेटवली तर कंत्राट," प्रबुद्धने घरी बायकोला सांगितलं.

शीतल भाजी चिरत होती. "तुझे पप्पा असते तर म्हणाले असते, दिवे कसले लावताय, ट्यूबलाइट आहे ना वर!"

प्रबुद्ध एकदम उठून उभा राहिला. पप्पांनी आयुष्यभर घरात अंधश्रद्धेला पाय ठेवू दिला नव्हता, आणि आता त्यांच्याच ट्यूबलाइटने पोराची नोकरी वाचणार होती.

त्याने कांदिवलीच्या नितेश परबला फोन लावला. दोघं कॉलेजात असताना एकांकिका करायचे. नितेश तेव्हाही प्रकाशयोजना करायचा, आताही तेच करत होता. फरक इतकाच की आता त्याला त्याचे पैसे मिळत. दोन दिवसांत त्याने पितळी समई तयार करून आणली. पाच वातींच्या जागी ज्योतीच्या आकाराचे पाच छोटे दिवे, लुकलुकणारे. वायर दांडीच्या आतून खाली, गालिच्याखालून विंगेत. विंगेत पाच बटणं. वर चमचाभर तीळतेलही सोडलं होतं, वास यायला हवा म्हणून. पाहुण्यांच्या हातात द्यायची मेणबत्तीही विजेचीच, काचेच्या नळीत बसवलेली.

"पण कुलगुरूंना कळलं तर?" प्रबुद्धने विचारलं.

"फोटो काढताना चष्मा घालतात का ते?"

"नाही. काढून ठेवतात."

"मग झालं तर! अरे, झकास होतला सगळा. घाबरतंस कित्याक?"

एकच अडचण होती. स्टेजवर मधोमध स्वागताचा भलामोठा फलक असल्यामुळे विंगेतून समई दिसत नव्हती, आणि विंगेत मोबाइलला रेंज नव्हती. कोणत्या क्षणी बटण दाबायचं हे नितेशला कळणार कसं? मग दोघांना एकांकिकेच्या दिवसांतली जुनी खूण आठवली. प्रबुद्ध समईशेजारी तबक घेऊन उभा राहणार. पाहुण्याने वातीला मेणबत्ती लावली की तो हळूच खोकणार. एक खोकला, एक वात.

रिकाम्या सभागृहात त्यांनी तालीम केली. पाच खोकले, पाच वाती, एकही चूक नाही. दोघांनी एकमेकांना टाळी दिली. भरलेल्या सभागृहात दोनतीनशे घसे असतात, ही गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नाही.

कार्यक्रम जानेवारीतला. बाहेर मेट्रोच्या कामाची धूळ आणि आत बर्फासारखा एसी. सभागृह गच्च भरलं. व्याख्यात्या होत्या घाटकोपरच्या मालनताई ओव्हाळ. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या या बाई गेली कित्येक वर्षं गावोगाव जाऊन बुवाबाबांचे चमत्कार स्टेजवर करून दाखवत आणि मग ते कसे केले तेही सांगत. विषय होता 'चमत्कारांचं नेपथ्य'. सगळ्या महाराष्ट्रात फसवायला सर्वांत अवघड असलेली बाई आपण स्वतःच बोलावली आहे, हे प्रबुद्धला मालनताई स्टेजवर चढल्यावर जाणवलं.

"आता मी मान्यवरांना विनंती करते, की त्यांनी दीपप्रज्वलन करावं," सूत्रसंचालन करणारी मनाली म्हणाली.

कुलगुरू, मालनताई, हर्षदभाई, कुलसचिव आणि विभागप्रमुख असे पाचजण उठले. कुलगुरूंनी चष्मा काढून खिशात ठेवला. प्रबुद्धने तबक पुढे केलं.

"आधी पाहुण्यांनी," कुलगुरू म्हणाले.

"छे छे, आधी तुम्ही," मालनताई म्हणाल्या.

"हर्षदभाई, तुम्ही ज्येष्ठ."

"अरे साहेब, माझा नंबर शेवटी. मागच्या टाइमाला भिजलो मी!"

सगळे समईपासून चार हात लांब उभे राहून एकमेकांना मान देत होते आणि मेणबत्ती अजून तबकातच होती. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ खोकले.

पहिली वात पेटली.

सगळ्या माना एकदम समईकडे वळल्या. मग पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "अगंबाई!" कुलगुरूंचा हात छातीवर गेला. प्रबुद्धच्या घशाला कोरड पडली. त्याने आवंढा गिळला, तो चुकीच्या नळीत गेला आणि त्याला ठसका लागला. ओठ मिटून, डोळे वटारून त्याने तो दाबून धरला. चेहरा लालबुंद झाला. पण ठसका हा कंत्राटाची पर्वा करत नाही.

दुसरी वात पेटली. तिसरी पेटली.

"अरे पाणी द्या ना याला कोणतरी!" हर्षदभाईंनी त्याच्या पाठीत जोरात थाप मारली आणि चौथी पेटली. पाचवीला तर बाल्कनीतल्या कोणीतरी हातभार लावला.

पाचही ज्योती लुकलुकत होत्या आणि त्यांच्याजवळ एकही माणूस नव्हता.

कुलगुरूंनी हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते पाहून पहिल्या रांगेने हात जोडले, मग दुसरीने. मागच्या पोरांनी हात जोडण्याऐवजी मोबाइल काढले. कुलगुरू पुढे झाले, त्यांनी ज्योतीवर तळवे धरले आणि ते दचकले. मग हळूच बोट लावून पाहिलं.

"थंड आहे!" ते माइकवर म्हणाले. आवाज कापत होता. "ज्योत थंड आहे! भाजत नाही!"

आता मात्र सभागृह हललं. बायका आपापल्या खुर्च्यांतून उठून स्टेजच्या पायऱ्यांपाशी आल्या. हर्षदभाईंनी घाईघाईने तबकात शंभराची नोट ठेवली. कुलगुरूंनी जाहीर केलं, की ही समई आता इथून हलवायची नाही आणि विझवायची तर मुळीच नाही. प्रबुद्धच्या डोळ्यांपुढे मार्च महिना आला. आज समई बंद झाली की नोकरी गेली, आणि ती विजेची आहे हे कळलं तरी नोकरी गेली. ती जन्मभर अशीच तेवत ठेवायची तर नितेशला विंगेतच संसार थाटावा लागला असता.

तबक समईपाशी ठेवून तो पाणी प्यायच्या निमित्ताने विंगेत घुसला.

"नित्या, काय केलंस हे!"

"खोकलो आयकलंय, बटण दाबलंय," नितेश म्हणाला. "तूच सांगलंस ना? बाहेर टाळ्ये कसले? सगळा बरा झाला ना?"

"वाट लागली रे! बाहेर देऊळ झालंय!"

"आणि ही वायर देवळात कुठून जाते?" मागून आवाज आला. मालनताई पदर खोचून उभ्या होत्या. त्या गालिच्याच्या उंचवट्यावरून पाय घासत घासत बरोबर बटणांपाशी आल्या होत्या.

प्रबुद्धने सगळं सांगितलं. फवारे, तेलाचा दिवा, गेल्या वर्षीचा प्राध्यापक, कंत्राट. सांगताना त्याचा आवाज रडवेला झाला आणि त्याची त्याला लाजही वाटली.

"ताई, आजच्या दिवस गप्प बसा. पाया पडतो तुमच्या."

"पाया पडू नकोस, आधीच आज सगळे पडतायत," मालनताई म्हणाल्या. "पोरा, मला तुझं कळतं. माझाही मुलगा कंत्राटावर आहे. पण आज मी गप्प बसले तर सोमवारी इथे दानपेटी येईल. मग मी कुठल्या तोंडाने भाषणं करू? आता मला एवढंच सांग, हे तू सांगणार की मी सांगू?"

बाहेर कुणीतरी आरती सुरू केली होती.

प्रबुद्ध स्टेजवर परत आला. मालनताई माइकपाशी गेल्या. "मंडळी, बसून घ्या," त्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या आणि सगळे बसले. "माझ्या व्याख्यानाची सुरुवात झालेली आहे. आजचा पहिला प्रयोग प्राध्यापक प्रबुद्ध साळवे यांनी केला. तो कसा केला, ते आता तेच सांगतील."

प्रबुद्धला ही वाट अपेक्षित नव्हती. पण वाट होती, आणि तो तिच्यावरून चालायला लागला. "नितेश, सगळ्या बंद कर!" तो ओरडला. पाचही ज्योती गेल्या. पुढच्या रांगेतून हुंदका ऐकू आला. "आता तुमच्यापैकी कोणीही खोका."

कोणी खोकेना. मघापासून ज्यांना खोकला आवरत नव्हता, तेही गप्प. शेवटी मागून एक मुलगा अगदी खोटं खोटं खोकला आणि एक वात लागली. दुसरा खोकला, दुसरी लागली. मग हशा फुटला, अख्खं सभागृह खोकायला लागलं आणि बटणं दाबून दाबून नितेशची तारांबळ उडाली. हर्षदभाईंनी इकडेतिकडे बघत तबकातली नोट उचलली.

हळूहळू हशा ओसरला. कारण सगळ्यांच्याच लक्षात आलं, की समईसमोर कुलगुरू अजून हात जोडून उभे आहेत.

कुलगुरूंनी हात खाली घेतले. खिशातून चष्मा काढला, रुमालाने पुसला, डोळ्यांवर चढवला. समईकडे पाहिलं. मग प्रबुद्धकडे पाहिलं. प्रबुद्धने मनातल्या मनात घर सोडून पुन्हा आईकडे भांडुपला राहायला जायची तयारी केली.

कुलगुरू माइकपाशी आले.

"प्रयोग यशस्वी झाला," ते म्हणाले. "सुशिक्षित समाजसुद्धा किती सहज फसतो, हे आम्हाला दाखवायचं होतं. साळवे आणि मी, आम्ही दोघांनी हे ठरवलं होतं." त्यांनी चष्मा नीट केला. "माझी भूमिका कशी वाटली?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. विद्यार्थी उभे राहिले. कुलगुरूंनी नटासारखं कमरेत वाकून अभिवादन केलं.

"उत्तम," मालनताई म्हणाल्या. "डोळ्यांतलं पाणी थोडं जास्त झालं, पण उत्तम."

व्याख्यान रंगलं. चहा झाला, फोटो झाले, मालनताईंना गाडीत बसवून प्रबुद्ध वायर गुंडाळायला सभागृहात परतला. जाताना बऱ्याच बायका समईला हळद-कुंकू वाहून गेल्या होत्या. एकीला त्याने सांगितलंही, "काकू, विजेची आहे हो ती." त्या म्हणाल्या, "माहितीये रे. पण हात जोडल्याने काय बिघडतं?"

सभागृहात दिवे मंद झाले होते. दारातच प्रबुद्ध थबकला. बंद केलेल्या समईसमोर कुलगुरू एकटेच उभे होते, चष्मा काढून. त्यांनी मागे पाहिलं, बाल्कनीकडे पाहिलं. दारातला प्रबुद्ध काही त्यांना दिसला नाही. मग त्यांनी हात जोडले आणि तोंडापुढे मूठ धरून हळूच खोकले.

नितेश अजून विंगेत बटणांचं आवरत होता. खोकला ऐकू आला आणि सवयीने त्याने बटण दाबलं.

एक वात पेटली. कुलगुरूंनी डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच उभे होते. मग चष्मा लावून वळले आणि समोर प्रबुद्धला पाहून गडबडले.

"साळवे! तुम्ही... अं... कंत्राटाचे कागद उद्या सकाळी पाठवा. सही करून टाकतो. आणि पुढच्या वर्षी व्याख्यान तुमच्याकडेच."

"हो सर. थँक्यू सर," प्रबुद्ध म्हणाला. मग राहवलं नाही म्हणून त्याने विचारलं, "सर, पुढच्या वर्षी सुरक्षावाल्यांशी बोलून तेलाचीच समई लावू या का?"

कुलगुरूंनी एकदा मागे वळून त्या लुकलुकत्या ज्योतीकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "तेलाची विझते हो."