मालकांच्या नावाचं स्टोअर

अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्याच्या दारात ट्रक भरून उभा होता आणि बिलावर मालकांची डिजिटल सही काही उमटत नव्हती. सहीशिवाय ट्रक हलणार नव्हता. प्रोग्राम शाइस्तानंच लिहिलेला, त्यामुळे सगळे तिच्याकडे बघत होते.

प्रोग्राम तसा सरळ होता. कंप्युटरमध्ये मालकांच्या नावाचं सर्टिफिकेट स्टोअर, म्हणजे डिजिटल सह्यांचं कपाटच म्हणा, तयार करायचं आणि सहीचं सर्टिफिकेट त्यात ठेवायचं. बिल करताना मालकांचं नाव टाकलं की कपाट उघडून सही लागायची. त्या नावाचं कपाट नसलंच, तर प्रोग्राम न कुरकुरता नवीन बनवायचा. ही सोय शाइस्तानं मोठ्या हौसेनं केली होती.

"स्टोअर रिकामं हाय म्हणतंय की," बिलं करणारी रेश्मा म्हणाली.

शाइस्तानं तिच्या खुर्चीत बसून नाव टाकलं. सर्टिफिकेट जागच्या जागी. "हे काय, आहे की."

रेश्मा पुन्हा बसली. रिकामं.

"तू बसलीस की असतंय, मी बसले की नसतंय," रेश्मा रडवेली झाली. "माझ्या हातालाच काय झालंय काय की."

कंप्युटर बंद करून चालू केला. सर्टिफिकेट काढून परत ठेवलं. तरी तेच. शाइस्ताला स्वतःच लिहिलेल्या ओळी परक्या वाटायला लागल्या. शेवटी तिनं सगळ्या स्टोअरची यादी पडद्यावर काढली. दोन निघाली. 'बसलिंगप्पा' भरलेलं. 'बसलिंगप्पा सर' रिकामं.

"हे 'सर' कुणी लावलं?"

रेश्मानं मान खाली घातली. "मालकांचं नुसतं नाव कसं टाकायचं? बरं दिसतंय का ते?"

मागं येऊन उभे राहिलेले मालक बसलिंगप्पा घसा खाकरून म्हणाले, "पोरगी बरोबर बोलतीय. तेच ठेवा."

शाइस्तानं सर्टिफिकेट 'सर'मध्ये हलवलं, दुसरं स्टोअर पुसलं आणि नवीन कपाट बनवायची सोयही काढून टाकली. सही उमटली. ट्रक गेला.

दुसऱ्या दिवशी ती आली तर मालक स्वतःच कंप्युटरपुढं बसलेले, घामाघूम. पडद्यावर लिहून आलं होतं, 'या नावाचं स्टोअर नाही.'

"काय नाव टाकलंत, सर?"

"माझंच की. बसलिंगप्पा."

"नावापुढं सर लावायला पाहिजे."

मालकांनी एकदा दाराकडं, एकदा रेश्माकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आता मीच मला सर म्हणू व्हय?"