खंडेनवमीचा हार आणि अडून बसलेलं यंत्र

आमच्या सुनेला, राजनंदिनीला, मोठ्यांचं ऐकायची सवयच नाही. उलट बोलत नाही हो. बोलली असती तर मी पुरून उरले असते. नुसतं 'नाही' म्हणते आणि पुन्हा त्या खोक्याएवढ्या कॉम्प्युटरात डोकं घालते.

मी शिकले दुसरीपर्यंत, पण माझ्या एका नजरेवर हे घर चालतं. मग मुलाचा कारखाना का चालू नये? समरजितने मकरपुऱ्याच्या शेडमध्ये कागदी द्रोण साच्यात दाबून काढायचं पहिलंवहिलं यंत्र बनवलं. त्याला अक्कल देणारा प्रोग्रॅम सुनेचा. खंडेनवमीला डभोईचे रमणिकभाई ते बघायला येणार होते. त्यांना पसंत पडलं तर धंदा उभा, नाहीतर समरजित पुन्हा कुणाच्या तरी दाराशी नोकरीला.

आमच्या घराण्यात फौजेच्या दिवसांपासून खंडेनवमीला तलवार पुजतात. म्हटलं, यंत्र का उपाशी? सकाळीच शेडवर जाऊन मी त्याच्या तोंडावर झेंडूचा हार सोडला, अगदी नवरदेवाच्या मुंडावळ्यांसारखा. दसरा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं बजावलं. सून म्हणाली, "आईसाहेब, तो हार जरा..." मी नुसतं बघितलं. ती पुन्हा कॉम्प्युटरात शिरली.

रमणिकभाई आले. समरजितने कळ दाबली. एक द्रोण पडला, लाल दिवा लागला, यंत्र बंद. पुन्हा कळ, पुन्हा एक द्रोण, पुन्हा लाल. या वेगाने पंगत बसवली असती तर नवरा-नवरीची नातवंडं जेवली असती. रमणिकभाई म्हणाले, "बा, आ तो रिसाई गयुं." म्हणजे यंत्र रुसलं म्हणे. मी मीठ-मिरच्या ओवाळल्या. यंत्र साधं शिंकलंही नाही.

सुनेने प्रोग्रॅममध्ये एक अट घातली होती. यंत्राच्या तोंडाशी उजेडाची रेघ असते. ती कशानेही अडली की यंत्र थांबायचं. अडथळा गेला तरी आपणहून सुरू व्हायचं नाही. माणसाने बघून पुन्हा कळ दाबायची. समरजित वैतागला, आजपुरती अट काढ म्हणाला. मीही म्हटलं, नवऱ्याचं ऐक. सून म्हणाली, "नाही." पाहुण्यांसमोर!

मग मीच यंत्राची समजूत काढायला निघाले. कुंकवाचं बोट घेऊन थेट साच्याखाली हात घातला. समरजितने नेमकी तेव्हाच कळ दाबलेली. साचा खाली निघाला आणि माझ्या बांगड्यांच्या वर वीतभर थांबला.

मी हात काढला. यंत्र तसंच उभं. मी आधी बोटं मोजली, मग बांगड्या.

"आईसाहेब," सून पांढरी पडून म्हणाली, "त्याला हार आणि हात यांतला फरक कळत नाही. म्हणून ते दोन्हीला थांबतं."

वर पंखा गरगरत होता, खाली माझा हार रेघेसमोर झोके घेत होता. सकाळपासून सगळ्यांना दिसत होतं, माझ्याशिवाय. हार मीच उतरवला. मग द्रोण असे पडायला लागले की गोळा करायला माणसं कमी पडली. रमणिकभाईंकडे कामाला बायका, त्यांचे हात दिवसभर साच्याजवळच. म्हणून रमणिकभाईंना असंच अडून बसणारं यंत्र हवं होतं. व्यवहार ठरला.

घरी येताना रिक्षात मी सुनेला सुनावलंच, "तू हट्टी आहेस, घुमी आहेस, आणि वरणात मीठ कमी घालतेस. पण ती अट काढायला उद्या मी सांगितलं, तरी ऐकू नकोस."