ढवळ्या घंटाबैलाची हकीकत

श्री. जिच्या दुधावर राज्यें उभीं राहिलीं त्या धेनूस दंडवत. शके सोळाशें छप्पन, आनंदनाम संवत्सरीं, आफ्रिकेचे मुलुखीं एक राज्य होतें, तेथें धान्य थोडें आणि गुरें अपार. राजांचे गुरांचीं चार खिल्लारें, म्हणजे मोठे कळप, लेकिशोन नामें गुराखीप्रमुख राखीत असत. त्या सालीं राजवाड्याजवळचे गोठणीवर फुप्फुसाचा रोग उठला, गुरें मान लांबवून खोकलीं आणि मग पडलीं. लेकिशोनांचा ढवळा घंटाबैल, ज्याचे घंटेमागें चारी खिल्लारांचीं गुरें चालत आणि ज्यास त्यांनीं वासरूपणीं आपले झोपडींत निजविलें, तोही पडला. परंतु महिन्यानें उठला आणि चरूं लागला. तेथील चाल ऐसी कीं, रोगांतून उठलें जनावर दैवी, तें ज्या कळपांत वसेल त्यास रोग शिवत नाहीं. सबब राजांनीं ढवळ्यास खिल्लारोखिल्लार मिरविण्याची आज्ञा केली आणि लेकिशोन अभिमानानें घंटा घासून निघाले. प्रत्येक खिल्लारीं महिना राहिले, मानाचें दूध प्याले आणि पुढें गेले. मग पहिलें खिल्लार खोकलें, मग दुसरें, मग तिसरें. चौथें नदीपलीकडे, राज्याच्या निम्म्या गाई तेथेंच. नदीचे उतारावर लेकिशोन थबकले, बोटांवर महिने मोजले, तों ढवळा जेथें राहून गेला तेथेंच, त्याच क्रमानें, खोकला उठला होता. रोग मागून येत नव्हता, सोबत चालत होता.

ते माघारे फिरले आणि सभेंत सांगते जाहले. सभा हांसली, कीं असा गलेलठ्ठ बैल, खोकतही नाहीं. राजांनीं पुरावा पुसला.

लेकिशोन बोलले, “महाराज, कापल्यावांचून कळणार नाहीं. सुरी मीच धरतों. परक्या हातास तो बुजेल.”

फुप्फुस उघडलें, तों आंत मुठीएवढी जुन्या रोगाची गांठ, फडक्यांत बांधून ठेवावी तैसी. मग राजांनीं उतार बंद केले, आजारी गुरें निराळीं काढविलीं आणि जुन्या जाणत्यांकडून निरोगी गुरांचे शेपटीस रोगी फुप्फुसाचें पाणी टोचविलें. कित्येकांच्या शेपट्या झडल्या, जीव वांचले.

पुढें राजे उतारावर आले, तों लेकिशोनांचे गळ्यांत ढवळ्याची घंटा, परंतु लोलक काढलेला. राजांनीं कारण पुसलें.

“वाजली कीं पलीकडच्या गाई अजून नदींत उतरतात,” लेकिशोन बोलले. “त्यांना वाटतें, तो बोलावतो.”

एक बैल गेला, चौथें खिल्लार राहिलें. घडलें तैसें लिहिलें.