आधी सांगा, चालत कोण गेलं?

पांढरीपांडे काका टीव्हीवर बेसबॉलची मॅच बघायला बसतात ते पूर्ण गणवेशात. टीमचा शर्ट, पांढरी पँट, पट्टा, टोपी. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, पोट शर्टाच्या बटणांशी भांडतंय आणि मैदान म्हणजे स्वतःचा दिवाणखाना! मी एकदा हसलो, तर उखडले. "काय हसून राहिला बे? या खेळात मॅनेजरसुद्धा पोरांचेच कपडे घालतो. क्रिकेटच्या कोचसारखा गॉगल लावून बसत नाही."

काका मूळचे नागपूरचे. इंजिनिअर म्हणून परदेशात, या प्लेनो गावात आले, इथेच रिटायर झाले. आमच्या समोरच राहतात. काकू गेल्यापासून एकटेच असतात. एकुलती मुलगी वैदेही तिकडे विमानाने चार तासांवर, रेडमंडला.

यंदा टीमचा मॅनेजर निवृत्त होणार असं जाहीर झालं आणि आमच्या गल्लीची शांतता संपली. टीव्हीवरच्या तज्ज्ञांनी त्याला आधीच्या दोन मॅनेजरांशेजारी उभं केलं, करंडक मोजले आणि तिसरा नंबर देऊन मोकळे झाले. काका भडकले. टीव्हीवर बोट रोखून म्हणाले, "करंडक काय मोजून राहिले? भांड्यांचं दुकान आहे का? आधी सांगा, चालत कोण गेलं?"

हे 'चालत जाणं' मी इतक्या वेळा ऐकलंय, की तुम्हीही एकदा ऐकाच. बेसबॉलमधला गोलंदाज, म्हणजे पिचर, थकला की मॅनेजर मैदानाच्या मध्यापर्यंत जातो आणि त्याच्या हातातला बॉल काढून घेतो. झालं, पिचरचा दिवस संपला. काकांच्या मते पहिला मॅनेजर, त्यांचा 'बोंबल्या', बॉल हिसकावून घ्यायचा. दुसरा, 'टॅबलेटवाला', स्वतः बाकावर टॅबलेटमधले आकडे बघत बसून असिस्टंटला पिटाळायचा.

"आणि हा?" काका विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. "हा सावकाश चालत जातो. बॉल मागत नाही. हात पुढे करतो आणि पोरगा देईपर्यंत थांबतो. याला तिसरा नंबर? अक्कल गहाण ठेवली का यांनी?"

"पण काका, जिंकला कुठे हा फारसा?" मी एवढंच म्हणालो. आठवडाभर अबोला! वर अबोल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी गाडी रिव्हर्स घेताना रस्त्याकडेच्या खांबावरचा आमचा मेलबॉक्स आडवा केला. रागाने केला असता तर मी समजून घेतलं असतं. त्यांना तो दिसलाच नव्हता.

मग वैदेहीचा फोन आला. "दादा, डोळ्यांच्या डॉक्टरांनी क्लिअर सांगितलंय, आता ड्राइव्ह करायचं नाही. त्यांनी हॉस्पिटलच्या पोर्टलवर मेसेजपण टाकला. मी व्हिडिओ कॉलवर बोलले, तर बाबांनी कॉलच कट केला. तू घे ना किल्ली. ऑकवर्ड वाटलं तर टेक्स्ट कर."

टेक्स्ट कर! माझं डोकंच फिरलं. प्लेनोत गाडी नसेल तर माणसाला कोथिंबिरीची जुडीसुद्धा मिळत नाही. एकट्या माणसाच्या हातून ती काढून घ्यायची, आणि तीही टेक्स्ट करून? काही लाजलज्जा आहे की नाही? अशा रागारागात मी फोन ठेवला आणि मुकाट्याने टेक्स्टच लिहायला बसलो. लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. शेवटी स्वतःचीच चीड आली. चपला घातल्या आणि निघालो.

रविवारची दुपार होती. मॅनेजरचा निरोपाचा सामना होता त्या दिवशी. हा एक सामना मैदानावर जाऊनच बघायचा म्हणून काका गणवेशात, गाडीत, किल्ली लावण्याच्या बेतात. मला रस्ता ओलांडून येताना त्यांनी पाहिलं आणि त्यांचा हात थांबला. मी खिडकीपाशी गेलो. घरातून निघताना चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. मी नुसता हात पुढे केला.

"वैदेहीनं पाठवलं?"

"हो काका."

त्यांनी आरसा सारखा केला, मग टोपी. मी हात तसाच पुढे ठेवून थांबलो. मग त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि वरून माझी बोटं मिटवली. "चपला घालून आला बे तू," ते म्हणाले. "मॅनेजर म्हणून तू चौथा."

"चला, मैदानावर मी नेतो," मी म्हणालो.

काका उतरले, गाडीला वळसा घालून पलीकडे गेले आणि दार उघडून क्षणभर तसेच थांबले. पलीकडची सीट पार पुढे ओढलेली होती. कसेबसे आत शिरले. गुडघे डॅशबोर्डला टेकले, पोट मावेना, टोपी तिरकी झाली.

"अहो काका, थांबा, सीट मागे घेतो," मी वाकलो.

"हात लावू नको." एवढा चढा आवाज त्यांनी बोंबल्यासाठीही लावला नव्हता. मग सीटबेल्ट ओढत, माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "राहू दे. तुझ्या काकूनं लावून ठेवली आहे ती."